कंपायलरच्या पोटात (भाग 9) : फेऱ्या किती?

लूपच्या चार-चार फेऱ्या कंपायलर एका दमात कशा उरकतो, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. पण त्यासाठी एकूण फेऱ्या किती होणार, हे लूप सुरू व्हायच्या आधीच कळायला हवं. फिरवून मोजत बसलं तर काम वाचलं कुठे?

लातूरची गाडी एमएच 24 पासिंगची, धाराशिवची 25, नांदेडची 26. हेच आकडे घेऊ. 'आय' 24 पासून निघतो, दर फेरीला एकाने वाढतो आणि 26 झाला की थांबतो. फेऱ्या 26 वजा 24, म्हणजे 2. यात काय मोठं, असं लातूर पॅटर्नमध्ये तयार झालेला कुणीही म्हणेल. आता उलटं करा : 26 पासून निघा, एकेकाने वाढतच जा आणि 24 ला थांबा. वहीतल्या गणितात हा लूप कधीच थांबायचा नाही. पण 8 बिटांच्या अनसाइन्ड संख्येत 255 नंतर पुन्हा 0 येतो, त्यामुळे 'आय' वळसा घालून 24 ला पोचतो. त्याला 254 फेऱ्या लागतात. आणि 24 वजा 26 ही वजाबाकी त्याच 8 बिटांत केली, तर उत्तरही 254 च येतं! सूत्र तेच, वळशासाठी वेगळा नियम नाही.

संख्या साइन्ड असल्या तरी कंपायलर हीच वजाबाकी करतो, आणि खरी गंमत इथे आहे. उणे 100 पासून 100 पर्यंत 200 फेऱ्या होतात, पण 8 बिटांच्या साइन्ड संख्येची मजल 127 पर्यंतच. शिवाय सी भाषेत साइन्ड हिशोब मर्यादेबाहेर गेला की पुढे काय होईल, याची काहीच हमी नसते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने चूक केलेली नसताना कंपायलरनेच मोजणीच्या नादात ती घुसवली, तर दाद कुणाकडे मागायची? म्हणून दोन्ही टोकं आधी अनसाइन्ड करून घेतात. उणे 100 चे होतात 156, आणि 100 वजा 156 बरोबर 200.

पाऊल तीनचं असेल तर? 24 पासून तीन-तीनने जाऊन नेमकं 26 गाठायचं आहे. अंतर 2, त्याला 3 ने भाग जात नाही. इथे कंपायलर भागाकार सोडून 171 ने गुणतो. कारण 3 गुणिले 171 म्हणजे 513, त्यातून 256 दोनदा काढले की उरतो 1. मग 2 गुणिले 171 म्हणजे 342; 256 वजा केले की 86. पडताळून पाहा : 86 त्रिक 258, म्हणजे एक पूर्ण वळसा आणि वर 2. पाऊल दोनचं असेल तर मात्र 24 वरून निघून 25 कधीच लागत नाही, कितीही वळसे घाला. अंतर आधी माहीत नसेल, तर 'ते सम असेल तरच हे उत्तर खरं' अशी अट कंपायलर सोबत जोडून ठेवतो.

जीसीसी या कंपायलरमध्ये हा गुणाकार खरोखरच आहे, आणि त्याचा सोर्स खुला असल्याने नांदेडच्या विष्णुपुरीतल्या एसजीजीएस अभियांत्रिकी संस्थेतल्या मुलांनाही तो वाचता येईल. अर्थात सोर्स अवाढव्य आहे; त्यात शिरायचं कसं, हे शिकवायला मुंबई आयआयटीत उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने कार्यशाळा घेतल्या होत्या.

एक अडचण उरतेच. 0 पासून निघून पूर्ण वळसा घेत पुन्हा 0 वर थांबणारा लूप घ्या, तपासणी शेवटी असलेला. फेऱ्या 256, पण 8 बिटांत 256 म्हणजे शून्यच! म्हणून एलएलव्हीएम हा दुसरा कंपायलर फेऱ्या मोजतच नाही. लूपच्या तळातून किती वेळा मागे वर जावं लागलं, ते मोजतो. ते 255, नीट मावतात. ज्याला फेऱ्याच हव्यात, तो आधी संख्या जास्त बिटांत नेतो आणि मग एक मिळवतो.