गुळवेल, यकृत आणि प्रयोगशाळेतील उंदीर

कडुनिंबावर चढणारी गुळवेल शहादा-नंदुरबार भागात सर्वांच्या परिचयाची आहे. ताप व कावीळ यांवर तिचा काढा देण्याची रीतही जुनीच. ती यकृताचे खरोखर रक्षण करते काय, हे शास्त्राने तपासून पाहिले आहे.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व सेठ गो. सु. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० व १९९० च्या दशकांत उंदरांवर प्रयोग केले. कार्बन टेट्राक्लोराइड हे रसायन दिले असता यकृताच्या पेशी मरतात. यकृतात जंतू व टाकाऊ कण गिळणाऱ्या ‘कुफर’ नावाच्या पेशी असतात, त्याही दुर्बळ होतात. गुळवेल दिलेल्या उंदरांत ही हानी कमी आढळली व कुफर पेशींचे काम सुधारले. थोडक्यात, गुळवेल प्रतिकारशक्तीला चालना देते.

परंतु येथेच सावध व्हावे. प्रयोगातील उंदीर एकाच जातीचे व निरोगी असतात. विष कोणते, औषध किती व किती दिवस, हे सर्व ठरलेले असते. माणसाचे तसे नाही. काही जणांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर हल्ला करते, आणि पुष्कळदा हा दोष लपलेला असतो. अशा माणसाची प्रतिकारशक्ती आणखी चेतविणे म्हणजे आगीत तेल ओतणेच होय.

करोनाच्या साथीत असंख्य लोकांनी रोज गुळवेल घेतली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेणारे, यकृतदाह झालेले सहा रुग्ण आढळले. ही वनस्पती गुळवेलच होती कशावरून, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये घेतला. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक जण गुळवेल बंद केल्यावर सुधारले, काही मात्र दगावले.

म्हणून उंदरांवरील प्रयोग खोटा ठरत नाही. तो पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. विद्यार्थ्यांनी ‘प्रयोगाने सिद्ध’ असे वाचले की विचारावे : कोणावर? किती मात्रेत? किती दिवस? आणि घरात कोणाचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर काढ्यात दिवस न घालवता रक्त तपासून घ्यावे. काय काय घेत होतो, तेही डॉक्टरांना न लपविता सांगावे.