टणाटण उड्या, टनाटन तब्येत

नागपूरच्या दक्षिण टोकाला असलेल्या बेसा भागात टेनिसच्या चेंडूनं गल्ली-क्रिकेट खेळणारी पोरं आधी चेंडू आपटून पाहतात. चांगला चेंडू टणकन उसळतो. चीर गेलेला बद्द वाजतो नि तिथंच बसतो. टेनिसच्या नियमांत हीच परीक्षा मापानं लिहिली आहे: मध्यम वेगाचा चेंडू 254 सेंटीमीटरवरून सोडला, तर 135 ते 147 सेंटीमीटर उसळायला हवा.

अशा आवाजांवरून घडलेल्या शब्दांना व्याकरणात अनुकरणवाचक शब्द म्हणतात. लहानशी उडी ‘टुणकन’, जोरदार उड्या ‘टणाटण’. ‘उ’चा ‘अ’ झाला, तोंड अधिक उघडलं, की उडीही मोठी झाली! गोष्टीतल्या म्हातारीचा भोपळा म्हणूनच ‘टुणुक टुणुक’ जातो. ‘टप्पा’ तर चेंडूबरोबर पार दूरवर गेला. ‘एक टप्पा आउट’मध्ये तो जमिनीवर एकदाच आपटतो, गप्पाटप्पांत नुसताच मागून येतो आणि एसटीच्या तिकिटात 6 किलोमीटरचा होतो.

नागपुरी बोलीत ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, तसं ‘टणाटण’चंही सहज ‘टनाटन’ होतं आणि हिंदीतल्या ‘टनाटन’ला जाऊन मिळतं. मग त्यात उडी उरत नाही. “तब्येत कशी हाय भाऊ?” “टनाटन!” म्हणजे एकदम उत्तम.

आवाजाचा तब्येतीशी संबंध काय? पूर्वी चांदीचा रुपया दगडावर आपटून पारखत. खरा रुपया खणखणे, खोटा बद्द वाजे. त्या खणखणण्यातून ‘खणखणीत’ आला. ‘ठणठणीत’चंही तसंच: तडा न गेलेलं भांडं ठणठणतं, तसा धडधाकट माणूस ठणठणीत. हवा गेलेल्या चेंडूच्या फुस्स आवाजाशी जुळणारा ‘फुसका’ मात्र पोकळ धमकीला चिकटला.

पण गंमत पुढंच आहे. भरलेलं भांडं ठणठणत नाही. आतलं धान्य धातूची कंपनं जिरवून टाकतं. म्हणजे ठणठणण्यासाठी भांडं अभंग हवं, तसंच रिकामंही हवं. म्हणून त्याच आवाजातून कफल्लक माणसासाठी ‘ठणठणगोपाळ’ निघाला. त्याचाच भाऊ ‘ठणठणपाळ’. हे नाव घेऊन जयवंत दळवी ‘ललित’ मासिकात साहित्यिकांची फिरकी घेत.

तेव्हा महिनाअखेरीस एखादा तब्येतीनं ठणठणीत नि खिशानं ठणठणगोपाळ असेल, तर भांड्याच्या न्यायानं त्यात विसंगती काहीच नाही.