सातबाऱ्यावरची रेघ

सातबारा एकच, पण तो वाचणारे डोळे निरनिराळे. मुळशीतल्या मालेसारख्या गावचा भातशेतकरी उतारा हाती घेतो आणि आधी आपले नि भावांचे नाव शोधतो. वकील फेरफाराचा क्रमांक पाहतो. आम्ही बँकवाले ‘इतर हक्क’ या रकान्यावर झेप घ्यायचो, कारण सोसायटीचा किंवा दुसऱ्या बँकेचा बोजा तिथेच दबा धरून बसलेला असे. कर्ज मागायला आलेला माणूस कित्येकदा स्वतःच्याच जमिनीचा कागद आमच्याकडून वाचून घेई.

हा उतारा आता संगणक तयार करतो, आणि इतक्या निरनिराळ्या माणसांना तो एकाच वेळी कळला पाहिजे. जाणकाराला तपशील हवा असतो, नवख्याला वाट. एकाची सोय करताना दुसऱ्याची अडचण व्हायची नाही, असा अहवाल आखणे हे वाटते तितके सोपे काम नाही. 2020 साली सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा बऱ्याच सुधारणा झाल्या. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीख दिसू लागली, प्रलंबित फेरफारही दिसू लागले. मला मात्र त्यातली सगळ्यात साधी सुधारणा आवडली: दोन खातेदारांच्या नावांमध्ये एक ठळक रेघ. वकिलाला तिची गरज नव्हती. पण एकाचे क्षेत्र कुठे संपते नि दुसऱ्याचे कुठे सुरू होते, हे चष्मा विसरून आलेल्या म्हातारबांनाही त्या रेघेने कळू लागले.

वाचण्याचे असे झाले. भरण्याचे काय?

गाव नमुना सात म्हणजे जमिनीवरचे हक्क, बारा म्हणजे पिके. बाराची नोंद पिढ्यान्‌पिढ्या तलाठी करीत आला (2024 पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, गाव अजून तलाठीच म्हणते). 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि हे काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर आले. कल्पना उत्तम. शेतात उभे राहायचे, पीक निवडायचे, छायाचित्र काढायचे. पण पहिल्याच पायरीवर प्रश्न येतो: पीक ‘निर्भेळ’ की ‘मिश्र’? निर्भेळ हा शब्द आम्ही लेखक मंडळी आनंदासाठी राखून ठेवतो. शेतकरी म्हणतो, ‘नुसता भात आहे.’ नमुना बाराच्या भाषेत पावसावरचे शेत ‘अजलसिंचित’ असते. कोरडवाहू म्हणणाऱ्याने हा शब्द कुठे ऐकावा? क्षेत्र हेक्टर-आरमध्ये मागतात, घरात हिशेब गुंठ्यांचा. सुदैवाने एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठाच, पण हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

मग फोन घरातल्या शिकलेल्या पोराच्या हाती जातो. ज्याला शेत कळते त्याला फोन कळत नाही, आणि ज्याला फोन कळतो त्याला कुठल्या खाचरात इंद्रायणी लावली नि कुठले पडीक ठेवले, हे ठाऊक नसते. अशा वेळी घाईत एखादे भलतेच बटण दाबले गेले, तर नुकसानभरपाई, पीकविमा, कर्ज, सगळीकडे तीच चूक पुढे उभी राहते.

2022 च्या सुधारणेत आखणाऱ्यांनी हे ओळखलेले दिसते. नोंदीनंतर 48 तासांत शेतकऱ्याला स्वतः दुरुस्ती करता येऊ लागली आणि किमान दहा टक्के नोंदी तलाठ्याने तपासायच्या ठरल्या. पुढे गावोगावी सहायकही नेमले गेले. हे सगळे बरेच झाले. माझ्यासारख्याला तरी एक गोष्ट आणखी हवी: नोंद पाठवण्याआधी फोनने मोठ्याने म्हणावे, ‘नुसता भात, वीस गुंठे, पावसावरचा. बरोबर?’ म्हणजे बांधावर उभ्या असलेल्या आजीलाही ‘नाही’ म्हणता येईल. एरवी रविवारी आलेला पुतण्या नोंद करून संध्याकाळी पुण्याला परततो, फोन त्याच्या खिशात जातो, आणि 48 तास मंगळवारी संपतात.