पहिल्या घासाचे औषध

विजयादशमीस म्हैसूरची जंबूसवारी बन्नीमंटपाला पोहोचते. बन्नी म्हणजे शमी. उत्सव सरतो आणि मिष्टान्नांनी पोट जड होते. चीनमध्ये अशा अजीर्णावर मुळ्याचे बी, संत्र्याची वाळलेली साल आदींची ‘बाओ हे वान’ ही गोळी देतात. वाचकहो, आपल्याकडे वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील हिंगाष्टक चूर्ण आहे. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा किंवा अजमोद, सैंधव, जिरे, शहाजिरे व हिंग ही त्याची ८ द्रव्ये. तुपात कालवून भाताच्या पहिल्या घासाबरोबर ते घेण्याचा प्रघात आहे. मात्र त्यात मीठ असते, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी विसरू नये. पोटदुखी वारंवार होऊ लागली, वजन घटले वा शौचावाटे रक्त गेले, तर विनाविलंब डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. घरचे औषध किरकोळ दुखण्यापुरतेच!