आरसा घासायला यंत्र लागत नाही

घरी दुर्बीण करायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती पट मोठं दिसेल? खेळण्यातल्या दुर्बिणींच्या खोक्यांवर छापलेल्या ५२५ पटींनी लावलेली ही सवय. पण दुर्बिणीचं मुख्य काम प्रकाश गोळा करण्याचं, आणि ते करतो आरसा. पट नेत्रिकेवर, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगावर, ठरते. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशाला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की ४८ पट, १० ची लावली की १२० पट. आरशाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरमागे दोन पट, ही ढोबळ कमाल मर्यादा. त्यापुढे चित्र नुसतं फुगतं. शनीची कडी तर ४८ पटींतही दिसतात.

यापेक्षा चिवट समज म्हणजे, आरसा घासायला कारखाना हवा. पृष्ठभागातली चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या भागाच्या, म्हणजे सुमारे ७० नॅनोमीटरच्या आत ठेवायची असते. आकडा ऐकून माणूस बिचकतो. पण काम चालतं कसं ते पाहा. सारख्या मापाच्या दोन जाड काचा घ्यायच्या. एक पिंपावर घट्ट बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची पूड आणि पाणी टाकून दुसरी मागेपुढे घासायची. मधूनमधून वरची काच थोडी फिरवायची आणि आपणही पिंपाभोवती थोडं सरकायचं. वरची काच मध्यभागी झिजून खोलगट होते, खालची कडेला झिजून फुगीर. कसेही सरकवले तरी सगळीकडे एकमेकांना टेकून राहतात ते गोलाचेच तुकडे. म्हणून हात जितका बेशिस्त फिरेल तितका आकार नेमका येतो! सहा इंची आरशाला १२०० मिलिमीटर नाभीय अंतरासाठी मध्यभागी जेमतेम सव्वा मिलिमीटर खोली लागते. मग पूड बारीक करत जायची आणि शेवटी राळेच्या थरावर सिरियम ऑक्साइडने झिलई.

‘पण आरसा अन्वस्ताकार, म्हणजे पॅराबोलिक, लागतो ना?’ लागतो, मात्र या मापाला गोल आणि अन्वस्त यांतला फरक इतका कमी असतो की नीट जमलेला गोलाकार आरसाही चालून जातो. तपासायलाही महागडं उपकरण नको: सुईने पाडलेल्या छिद्रातून येणारा प्रकाश आणि दाढीचं पातं. ही फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फूकोची १८५८ सालची युक्ती. विल्यम हर्शेल हा पेशाने संगीतकार, तरी १७८१ साली त्याने युरेनस शोधला तो स्वतः घडवलेल्या सव्वासहा इंची धातूच्या आरशाने. आपल्याकडे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. घरी न होणारं काम एकच, ॲल्युमिनियमचा मुलामा. त्याला निर्वात पेटी लागते, ते बाहेरून करून आणावं.

बैठक प्लायवूडची पुरते. जॉन डॉब्सनने सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर तशाच दुर्बिणी मांडून लोकांना आकाश दाखवलं.

शहरातून काही दिसत नाही, हेही अर्धंच खरं. चंद्र, गुरू, शनी गच्चीवरून झकास दिसतात. अंधुक तेजोमेघ आणि दीर्घिकांसाठी मात्र गावाबाहेर पडावं लागतं. तिथेही छायाचित्रातल्या गुलाबी रंगांची वाट पाहू नये. मंद प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाहीत, तेजोमेघ राखाडीच दिसतो.

आणि पैसे वाचतील म्हणून यात पडू नका. काच, पूड, नेत्रिका, मुलामा यांची बेरीज कधीकधी तयार दुर्बिणीपर्यंत जाते.