जाळं एक, कायदे दोन

राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडली, की समुद्रातल्या जिवांची सरकारी वाटणी कशी झाली आहे ते दिसतं. राज्य सूचीतल्या २१ व्या नोंदीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्याचा विषय. केंद्र सूचीतल्या ५७ व्या नोंदीनुसार प्रादेशिक सागरी हद्दीपलीकडची मासेमारी केंद्राची. वन्य प्राणी आणि पक्ष्यांच्या संरक्षणाची नोंद १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आली, म्हणून ती जबाबदारी दोघांची. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत राज्याचा मासेमारी कायदा चालतो. तिथून २०० मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात केंद्राचा शब्द चालतो.

सातपाटीचा किंवा मालवणचा तांडेल, म्हणजे होडीचा नाखवा, जाळं ओढतो तेव्हा ही वाटणी त्याच्या होडीवर एकत्र येते. त्याच जाळ्यात पापलेट असतं आणि कधी ऑलिव्ह रिडले कासवही असतं. पापलेटाची विचारपूस मत्स्यव्यवसाय विभाग करणार, कासवाची वन विभाग. पहिल्या विभागाचं यश मासळीच्या टनांत मोजलं जातं, दुसऱ्याचं वाचलेल्या जिवांत. पहिला मच्छीमाराला परवाना आणि डिझेल परतावा देतो. दुसऱ्याच्या कायद्यात कासव मारणं हा गंभीर गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या सागरी धोरणाची गेल्या चार दशकांची कहाणी ही या दोन दप्तरांमधलं अंतर कमी करण्याची कहाणी आहे. जिथे ते कमी झालं तिथे मासाही वाचला आणि मच्छीमारही. जिथे राहिलं तिथे दोघांचं नुकसान झालं.

मालवणचा धडा

१९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. निवड चुकीची नव्हती. प्रवाळ, समुद्री शैवालं, खडकाळ तळ आणि त्यावर वाढणारी मासळी असं वैविध्य राज्याच्या किनाऱ्यावर फार थोड्या ठिकाणी आहे. पण याच पाण्यात रापणकरांच्या, म्हणजे रापण हे मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, पिढ्या वाढल्या होत्या. अभयारण्य म्हटल्यावर त्यांच्या मनात पहिला प्रश्न आला तो रापण ओढता येईल की नाही, हा. त्याचं स्पष्ट आणि लेखी उत्तर वेळेवर मिळालं नाही आणि विरोध घट्ट झाला.

पुढे १९९१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात एक महत्त्वाचं कलम आलं. प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल, तर नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकाशी सल्लामसलत करावी आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताचं रक्षण करणारे पुरेसे उपाय आधी योजावेत, असं ते सांगतं. जंगलासाठी लिहिलेल्या कायद्याने समुद्रात पाऊल टाकताना मच्छीमाराचं अस्तित्व मान्य केलं ते इथे. मालवणची अधिसूचना या कलमाच्या चार वर्षं आधीची आहे. आधी जाहीर करायचं आणि नंतर समजूत काढायची, या क्रमाचा परिणाम त्या अभयारण्याच्या वाट्याला आला.

२००१ चं वर्ष

मे २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. भारतात कायद्याचं असं संरक्षण मिळालेला हा पहिला मासा. जुलैमध्ये केंद्राने आणखी मोठं पाऊल उचललं: सगळे शार्क, पाकट आणि त्यांच्या कुळातले सगळे मासे एकाच अधिसूचनेने पहिल्या अनुसूचीत गेले. मुशी आणि पाकट तर कोकणातल्या प्रत्येक बाजारात रोज विकले जाणारे मासे. देशाच्या किनाऱ्यावर हजारो कुटुंबांचा रोजगार एका रात्रीत गुन्हा ठरला. विरोध झाला आणि डिसेंबरमध्ये यादी दहा जातींवर आली.

अधिसूचना काढणाऱ्यांचा हेतू प्रामाणिक होता. शार्क उशिरा वयात येतो आणि पिल्लं कमी देतो, त्यामुळे उपसा वाढला की त्याची संख्या सावरायला फार वेळ लागतो. पण कोणती जात किती धोक्यात आहे आणि कोणती कोणत्या बंदरावर किती उतरते, याचा हिशेब न मांडता सरसकट बंदी आली. त्या वर्षाने धोरण लिहिणाऱ्यांना दिलेली शिकवण अशी, की जातवार माहिती नसेल तर संरक्षण टिकत नाही. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीत शार्क आणि पाकटांच्या आणखी काही जाती अनुसूचींत आल्या, त्या नाव घेऊन, निवडून.

व्हेल शार्कचं पुढे काय झालं, हे सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पाहावं. यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी तिथे त्याची शिकार होत असे. २००४ पासून गुजरातचा वन विभाग, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम चालवली. कथाकार मोरारी बापूंनी या माशाला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी लेक, म्हटलं आणि माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकीला कोणी मारत नाही, हे लोकांच्या मनाला भिडलं. पण त्यासोबत दोन ठोस व्यवस्था होत्या. जाळं कापून मासा सोडला, तर जाळ्याची भरपाई. आणि सुटकेचा पुरावा म्हणून मच्छीमाराच्याच हातात कॅमेरा. अधिकारी येईपर्यंत अडकलेल्या माशाला ताटकळत ठेवावं लागेना. आजवर ९०० हून अधिक व्हेल शार्क तिथे जिवंत सोडले गेले आहेत.

महाराष्ट्राचा पूल

महाराष्ट्रात वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला. कांदळवनं सांभाळायला निघालेल्या या कक्षाकडे हळूहळू सागरी जीवांचंही काम आलं. डिसेंबर २०१८ मध्ये मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्ष यांनी मिळून एक योजना आणली: कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क यांसारखा संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि जाळं कापून तो सोडला, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. त्यासाठी सुटकेचं छायाचित्र किंवा चित्रफीत हवी.

सरकारी भाषेत ही छोटी योजना आहे. मला मात्र ती गेल्या कित्येक वर्षांतली सर्वांत महत्त्वाची वाटते. मासेमारीचं खातं आणि वन्यजीवांचं खातं एकाच अर्जावर आलं ते इथे. तोवर कासव जाळ्यात आलं, की मच्छीमाराला गुन्ह्याची भीती वाटे. ते गुपचूप पाण्यात टाकलं जाई आणि त्याची नोंद कुठेच होत नसे. योजनेनंतर तो स्वतः नोंद करू लागला. कोणती जात, कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्यात आणि किती खोल पाण्यात सापडते, ही माहिती मच्छीमाराकडून शासनाकडे येऊ लागली.

अशी माहिती किती मोलाची असते ते कासवांनीच दाखवलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांसोबत अंडी राखण्याचं काम उभं केलं. पुढे भारतीय वन्यजीव संस्थेच्या मदतीने कोकणातल्या काही माद्यांना उपग्रह टॅग लावले गेले. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. २०२१ मध्ये ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. म्हणजे कोकणातल्या घरट्याचं भवितव्य ओडिशातल्या ट्रॉलरशीही जोडलेलं आहे. एका राज्याने काटेकोर नियम केले आणि शेजाऱ्याने केले नाहीत, तर अर्धंच काम झालं.

मिलिमीटरचा कायदा

मासळीच्या बाजूनेही नियम आले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. जुन्या प्रथेप्रमाणे पावसाळी बंदी १० जूनला सुरू होई आणि नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट यांतलं जे आधी येईल तेव्हा संपे. पश्चिम किनाऱ्यासाठी एकच कालावधी ठरल्यावर ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची झाली.

५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरून पकडणाऱ्या, जाळ्यांवर मोठी बंधनं आणली. डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालाचा त्याला आधार होता. पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम उरला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचं ठरलं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने आपल्या हद्दीत एलईडी दिव्यांवरची आणि दोन बोटींनी मिळून केलेली ट्रॉल मासेमारी बंद केली. २०२१ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला. आधी दंड पकडलेल्या मासळीच्या किमतीवर ठरे; आता एलईडी मासेमारीला ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड आहे. सुनावणीचा अधिकारही तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्याकडे आला.

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटाला राज्य माशाचा मान मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०, घोळ ७००. हे आकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासावर उभे आहेत. मासा एकदा तरी प्रजनन करू शकेल एवढा वाढू द्यावा, हा त्यामागचा साधा विचार. केरळने ही वाट आधी धरली होती. पालघरच्या मच्छीमार संस्थाही पापलेटाची पिल्लं मारू नका, असं कित्येक वर्षं सांगत होत्या.

पण समुद्रात कोणी मोजपट्टी घेऊन मासा पकडत नाही. डोल जाळ्यात किंवा ट्रॉलमध्ये आलेलं पिल्लू खोला, म्हणजे जाळ्याच्या टोकाची पिशवी, उघडेपर्यंत बहुतेक मेलेलं असतं. मेलेलं पिल्लू परत टाकून प्रजनन होत नाही. म्हणून लांबीचा नियम खऱ्या अर्थाने पाळायचा असेल, तर तो खोल्याच्या आसाच्या, म्हणजे जाळ्याच्या डोळ्याच्या, आकारात उतरला पाहिजे. आस किमान ४० मिलिमीटर आणि चौकोनी असेल, तर पिल्लू पाण्यातच निसटतं. आणि नियमाचं दुसरं टोक बाजारात आहे. पिल्लांना गिऱ्हाईक आहे आणि मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्यांना कच्चा माल हवा आहे, तोवर सगळा भार एकट्या खलाशावर टाकणं अन्यायाचं आहे.

आकडा वाचणारा माणूस

धोरणाच्या चर्चेत सहसा न येणारी माणसं म्हणजे बंदरावरचे सर्वेक्षक. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे कर्मचारी ठरावीक नमुना पद्धतीने होड्या निवडतात, मासळी जातवार मोजतात आणि त्यावरून राज्याचा अंदाज निघतो. २०१९ मध्ये त्यांच्या अंदाजानुसार महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर आली. आदल्या वर्षी ती २.९५ लाख होती. ४५ वर्षांतला हा नीचांक. आकडा भयंकर होता, पण वायू, क्यार, महा या वादळांनी त्या वर्षी होड्यांना कित्येक दिवस किनाऱ्यावर बसवलं होतं. किती घट वादळांमुळे आणि किती अतिउपशामुळे, हे वेगळं काढल्याशिवाय त्या आकड्यावर नियम बेतता येत नाही. चांगला धोरण अधिकारी आकडा पाहून घाबरत नाही आणि त्याला झाकतही नाही; तो कारण शोधतो.

दोन हद्दींचा पेचही कायम आहे. जानेवारी २०२३ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पर्ससीन बोटींना १२ मैलांपलीकडे आठवड्यातून दोन दिवस, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ अशी अंतरिम मुभा दिली. बोट मात्र राज्याच्या पाण्यातूनच जाते आणि तिथूनच परतते. जाळं नेमकं कुठे पडलं, हे ठरवायला गस्ती नौका आणि बोटीचा माग देणारी यंत्रणा हवी. महाराष्ट्राने जानेवारी २०२५ पासून ड्रोनने टेहळणी सुरू केली, ते योग्यच आहे. पण ड्रोनला दिसलेल्या बोटीपर्यंत पोहोचायला नौका लागते, आणि प्रकरण तडीस न्यायला जिल्ह्याच्या कार्यालयात पुरेशी माणसं.

म्हणून माझी मागणी नव्या कायद्याची नाही. मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्ष यांची प्रत्येक किनारी जिल्ह्यात एक संयुक्त समिती असावी, आणि मच्छीमार सहकारी संस्थांचे प्रतिनिधी तिच्यात मतासह बसावेत. बंदरावर मासळी मोजताना संरक्षित जीवांचीही नोंद एकाच वहीत व्हावी. कापलेल्या जाळ्याची भरपाई पुढच्या हंगामाआधी हातात पडावी, कारण उशिरा आलेली भरपाई पुढच्या वेळी कासवाला वाचवत नाही. आसाचा नियम बदलताना नव्या जाळ्याच्या खर्चाचा वाटा शासनाने उचलावा. गुजरात, महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांनी किमान लांबीचे नियम एकमेकांशी जुळवून घ्यावेत. आणि नियम राजपत्रात येण्याआधी त्याचा मसुदा मराठीत सातपाटीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या बंदरांवर वाचून दाखवावा.

समुद्रातला जीव जगवण्याचा फायदा आपल्या सगळ्यांना मिळतो. त्याची किंमत आज बहुतेक वेळा एकच माणूस मोजतो, जाळं ओढणारा. ती किंमत सगळ्यांत वाटून घेणं हेच धोरणाचं काम आहे. जेव्हा जेव्हा शासनाने ते केलं, तेव्हा मच्छीमाराने आपल्या वाट्याचं संरक्षण स्वतःहून उचललं, हे सौराष्ट्राने आणि कोकणाने दाखवून दिलं आहे.