झळाळी आणि बळ : पितळी पुंगळ्या घोळण्याचे शास्त्र

काडतूस म्हटले की मराठी वाचकाला पहिल्यांदा १८५७ आठवते. पण दातांनी फोडायचे ते काडतूस कागदाचे होते. एकदा बार उडाला की त्याचा मागमूस उरत नसे. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत कागदाची जागा पितळेने घेतली, आणि त्याबरोबर एक नवी वस्तू जगात आली : बार उडाल्यावर मागे उरणारी रिकामी पुंगळी. ही पुंगळी पुन्हा वापरता येते, मात्र त्यासाठी ती आधी साफ करावी लागते. ती कशी साफ करावी, कशात घोळावी आणि कशात मुळीच घोळू नये, हा या लेखाचा विषय आहे.

विषय दूरचा वाटेल, हे मला ठाऊक आहे. वापरलेल्या पुंगळ्या घरच्या घरी पुन्हा भरण्याचा छंद मुख्यतः अमेरिकेतला. तिथे हजारो नेमबाज गॅरेजमध्ये हे काम करतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही, म्हणून हा छंद इथे रुजला नाही. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. धातूंकडे मी वळलो तो जुन्या पितळी भांड्यांच्या कुतूहलातून. वाचता वाचता लक्षात आले की, पितळ साफ करण्याविषयी सगळ्यांत बारकाईने विचार केला आहे तो पुंगळ्या भरणाऱ्यांनी. कारण उघड आहे. समई चुकीच्या रीतीने घासली तर ती डागाळते. पुंगळी चुकीच्या रीतीने साफ केली तर ती डोळ्यांपासून वीतभर अंतरावर फुटू शकते.

आधी पुंगळीचे काम समजून घेऊ. पुंगळीचे पितळ साधारणपणे सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असे असते. एका जाड चकतीची वाटी करून, ती साच्यांतून पुन्हा पुन्हा ओढून तिची लांब नळी करतात. ओढताना पितळ कठीण होते, म्हणून मधून मधून ते तापवून मऊ करावे लागते. शेवटी बूड कठीण राहते आणि मान मऊ. बार उडतो तेव्हा आधुनिक रायफलमध्ये आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट होतो. त्या क्षणी पुंगळी फुगते, बंदुकीच्या कोठ्याच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि तापलेला वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आकसते, म्हणून बाहेर काढता येते. फुगणे आणि आकसणे हे दोन्ही पितळाच्या अंगी आहे. सफाईची कोणतीही पद्धत याच गुणावर घाला घालणारी नसावी, हा पहिला नियम.

मग साफ तरी कशासाठी करायचे? झळाळी हे खरे कारण नव्हे. जमिनीवर पडलेल्या पुंगळीला वाळूचे कण चिकटतात. ती पूर्ववत आकारात आणण्यासाठी पोलादी साच्यात दाबली की ते कण साच्याला आणि पुंगळीलाही ओरखडे पाडतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे : काजळी गेल्याशिवाय भेग दिसत नाही. अनेकदा वापरलेली पुंगळी बुडाच्या जरा वर आतून पातळ होत जाते आणि बाहेरून तिथे एक चकचकीत कडे दिसते. ही पुंगळी दोन तुकडे होण्याच्या वाटेवर असल्याची खूण आहे. गंमत अशी की, सगळी पुंगळीच चकचकीत केली तर हे कडे त्या झळाळीत हरवते. म्हणून जाणकार पुंगळ्या घोळण्याआधी एकदा पाहतात, घोळल्यानंतर पुन्हा पाहतात आणि शंका आली तर टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवून खाच लागते का ते चाचपतात.

आता पद्धती. पहिली कोरडी. कंप पावणाऱ्या टोपात पुंगळ्या आणि एखादा वनस्पतिजन्य भुगा घालून दोन-चार तास चालू ठेवायचे. भुगा मुख्यतः दोन प्रकारचा : दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा. अक्रोडाच्या कणांना टोकदार कडा असतात, त्यामुळे जुना काळा थर तो लवकर काढतो, पण पृष्ठभाग थोडा निस्तेज ठेवतो. मक्याचा भुगा सौम्य, तो झळाळी आणतो. फार मळलेल्या पुंगळ्या आधी अक्रोडात आणि मग मक्यात घोळण्याची रीत यातूनच आली. इथे कणाचा आकार निर्णायक ठरतो. पुंगळीच्या बुडाशी ठिणगी आत जाण्यासाठी सुमारे दोन मिलिमीटरचे छिद्र असते. कण जवळपास त्याच मापाचा असला तर तो नेमका तिथे अडकतो. म्हणून भुगा त्याहून बराच बारीक निवडतात.

ही निवड हाताने करून पाहावी म्हणून मी पितळी नळीचे बोटभर तुकडे कापून घेतले आणि प्लास्टिकच्या बरणीला छोटी मोटर जोडून ते घोळले. मक्याचा भुगा खानदेशात मिळायला अडचण नाही. कोरड्या घोळणीत बाहेरची बाजू उजळली. आतली बाजू मात्र जेमतेम बदलली. कण आत जातात, पण तिथे घासण्याइतकी हालचाल त्यांना मिळत नाही.

आतूनही लख्ख हवे असेल तर दुसरी पद्धत, ओली. फिरत्या पिंपात पाणी, पुंगळ्या, भांडी धुण्याच्या साबणाचे थेंब, चिमूटभर सायट्रिक आम्ल आणि पोलादाच्या बारीक सळया घालतात. गंज न चढणाऱ्या पोलादाची ही सळई साधारण सव्वा मिलिमीटर जाड आणि साडेसहा मिलिमीटर लांब असते. ती छिद्रातून, खोबणीतून, मानेतून सगळीकडे फिरते. मात्र आधी वापरलेली स्फोटक टोपी काढून टाकावी लागते, नाहीतर तिच्याखालची खोबण मळकीच राहते आणि पाणीही साचते. ओल्या घोळणीचे तोटेही आहेत. दोन सळया शेजारी शेजारी छिद्रात अडकतात. फार वेळ घोळल्यास पुंगळ्या एकमेकींवर आपटून तोंडाची कड ठेचली जाते. आणि मानेतली काजळी पूर्ण गेली की नवी गोळी तिथे अधिक घट्ट, अनियमित पकडली जाते. ती थोडीशी काजळी वंगणाचे काम करीत असते. म्हणूनच अचूक नेमबाजीत मुरलेले अनेकजण मुद्दाम कोरड्या भुग्याकडे परत वळतात.

तिसरी पद्धत श्राव्यातीत लहरींची. द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि मळ सुटतो. यात घासणे नसल्यामुळे पुंगळी स्वच्छ होते, चमकत नाही. ज्याला चमक नकोच आहे त्याला हे पुरेसे आहे.

आम्लाबद्दल दोन शब्द. आपण चिंच लावतो किंवा लिंबू, ते सायट्रिक आणि टार्टारिक आम्लांसाठीच. आम्ल काळा थर विरघळवते. पण प्रमाण किंवा वेळ वाढला की पितळ गुलाबी दिसू लागते. पृष्ठभागातले जस्त आधी निघून जाते आणि तांबे मागे उरते किंवा विरघळलेले तांबे परत बसते. हलकी गुलाबी छटा घासून जाते. पण ती दिसली म्हणजे आम्ल थांबवायची वेळ झाली. त्यानंतर भरपूर पाण्याने धुणे आणि पूर्ण वाळवणे आवश्यक. वाळवण्यासाठी ऊन किंवा मंद आच पुरते. ज्योत लावून वाळवू नये. कठीण ठेवलेले बूड तापून मऊ झाले तर पुंगळी दिसायला तशीच राहते आणि दाब मात्र पेलत नाही.

आता या सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. तो आपल्या भूमीशी जोडलेला आहे. ब्रिटिश सैन्याच्या हिंदुस्थानातल्या साठ्यांत पितळी पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकत. कोणी बार उडवलेला नाही, कोणी आपटलेले नाही, तरी मानेवर उभ्या भेगा. ऋतूबरोबर येणारी म्हणून इंग्रजांनी त्या भेगांना ऋतूचेच नाव दिले. कारण उलगडले १९२१ साली, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांच्या संशोधनातून : दोषी होता अमोनिया. धातुशास्त्राच्या पुस्तकांत याचा संबंध घोड्यांच्या तबेल्यांशी जोडलेला असतो. पावसाळ्यात काडतुसे तबेल्यांत ठेवली जात आणि कुजणाऱ्या मूत्रातून अमोनिया सुटे. साच्यातून ओढलेल्या पितळात ताण कोंडलेला असतो. दमट हवेत अमोनिया तांब्याशी संयोग पावतो, धातूच्या कणांमधल्या सीमा पोखरतो आणि कोंडलेला ताण ती भेग पुढे ओढत नेतो. उपायही त्यातूनच निघाला : तयार पुंगळी मंद तापवून ताण सैल करणे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. पितळाशी असलेले आपले हे नाते तेवढे जुने आहे.

म्हणून पुंगळ्या भरणाऱ्यांच्या जगात एक सूचना आजही पुन्हा पुन्हा दिली जाते : घोळणीच्या भुग्यात अमोनिया असलेले पॉलिश घालू नका. ते झळाळी झटपट आणते, हे खरे. एकदा लावून लगेच धुतले तर लगेच अनर्थ होतो असे नाही. पण पुंगळी वापरून, दाबून, पुन्हा वापरून तिच्यात ताण साठत जातो आणि भुग्यात मिसळलेले पॉलिश तिच्या सांध्याकोपऱ्यांत राहून जाते. भेग पडली तरी वरची चमक कायम असते.

घोळणाऱ्याच्या स्वतःच्या शरीराचा प्रश्न वेगळा. बहुतेक स्फोटक टोप्यांत शिसे असलेले संयुग असते. ते जळल्यावर त्याची राख पुंगळीत उरते आणि कोरड्या भुग्यात उतरते. भुगा चाळताना उडणारी धूळ म्हणजे शिशाची धूळ. त्यामुळे चाळणी घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून. भुग्यात कागदाचे ओलसर तुकडे टाकले तर धूळ त्यांना चिकटते. ओल्या पद्धतीत धूळ नाही, पण शिसे पाण्यात येते, म्हणून ते स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतायचे नाही. घरात लहान मुले असतील तर माझ्या मते हा एकच मुद्दा ओल्या पद्धतीच्या बाजूने कौल द्यायला पुरेसा आहे.

निवडीचे सूत्र मग असे मांडता येईल. पुंगळ्या थोड्या आणि फारशा मळलेल्या नसतील तर मक्याचा भुगा. काळ्या पडल्या असतील तर अक्रोड. टोपीची खोबणही स्वच्छ हवी असेल तर पाणी आणि सळया. आणि कुठल्याही पद्धतीत, वाजवीपेक्षा एक तासही अधिक नको.

हे सूत्र पुंगळीपुरते नाही. दाबून किंवा ओढून बनवलेल्या पितळी वस्तूत थोडाफार ताण राहू शकतो. मोडीच्या दुकानात जुने तांबे आणि लोटे चाळताना काठापासून खाली उतरलेल्या सरळ, केसासारख्या भेगा मी पाहिल्या आहेत. प्रत्येक भेगेचे कारण एकच असेल असे नाही. पण वारशाने आलेली भांडी गोठ्यालगतच्या खोलीत वा मोरीशेजारी पावसाळाभर ठेवणाऱ्याने तबेल्यातल्या काडतुसांची हकीकत लक्षात ठेवावी. या दिवाळीत समई उजळताना चिंच जरूर लावा. मात्र ती वेळेत धुवा, पितळ कोरडे करा आणि उग्र वासाचे झटपट पॉलिश लांब ठेवा. पितळाची चमक डोळ्यांना दिसते. त्याचे बळ दिसत नाही, ते जपावे लागते.